घरच्या प्रिंटरवर माप चुकतं तेव्हा : खान्देशातले अनुभव

फोटो मोठा आला, फॉर्मची खालची ओळ कापली गेली, कार्ड पाकिटात मावेना. घरी प्रिंटर असलेल्या प्रत्येकाची ही रड आहे. तुम्ही काय केलंत ते इथे सांगा. फक्त ‘सेटिंग बदललं, झालं’ एवढ्यावर सोडू नका. कुठलं सेटिंग ते लिहा, आणि पट्टी लावल्यावर किती भरलं तेही.

सुरुवात माझ्यापासून. बरोबर १० सेंटीमीटरची रेघ असलेली एक पीडीएफ मी ठेवली आहे. माप बिघडलं की आधी ती छापायची. रेघ ९.४ भरली, तर ए-फोर कागद घातलेला असूनही कुठेतरी ‘लेटर’ हे अमेरिकी कागदाचं माप निवडलेलं असतं. ए-फोर २९७ मिलिमीटर लांब, लेटर २७९, म्हणून पान ९४ टक्क्यांवर येतं. ९.६-९.७ भरली, तर बहुतेक ‘फिट’ चालू असतं. कडेची न छापली जाणारी जागा सोडायला ते पान आकसतं. (जळगाव)

शिवणकाम, अमळनेर
माझ्याकडे ब्लाऊजचे ड्राफ्ट पीडीएफमध्ये येतात, चार-सहा पानं जोडून कापायचे. पानं जोडली की रेघा तर छान जुळायच्या, आणि शिवलेला ब्लाऊज घट्ट! सगळी पानं सारखीच आकसली तर जुळणारच ना. ३६च्या छातीत सहा टक्के म्हणजे दोन इंचांहून जास्त फरक. ड्राफ्टच्या कोपऱ्यात ५ सेंटीमीटरचा चौकोन असतो. आता पहिलं एकच पान ‘ॲक्च्युअल साइज’वर छापते आणि चौकोन टेपने मोजते. तो बरोबर भरल्याशिवाय पुढची पानं सोडत नाही आणि कापडाला कात्रीही लावत नाही. मोबाइलवरून प्रिंट दिली की माप पुन्हा बदलतं, म्हणून ड्राफ्ट कॉम्प्युटरवरूनच.

केळी बागायतदार, रावेर
ताई, तुमचा ब्लाऊज तरी उसवता येतो, आमच्याकडे बांधावरून बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. मोजणीचा नकाशा १:१०००चा, म्हणजे एक सेंटीमीटरला १० मीटर. पोराने घरी छापला, शेजारच्या काकांनी पट्टी लावली. शंभर मीटरचा बांध ९७ भरला! तीन मीटर गेले कुठे? कागदात गेले, पान ‘फिट’वर छापलेलं होतं. नकाशावर मापपट्टी काढलेली असेल तर तीही सोबत आकसते, तेव्हा अंतर तिच्यावरूनच काढा. ‘१:१०००’ हा आकडा मात्र त्या प्रिंटपुरता खोटा ठरतो. नकाशा ए-थ्रीचा (ए-फोरच्या दुप्पट कागदाचा) असेल तर घरी छापूच नका.

घरगुती पापड-बिबड्या, धुळे
लेबलच्या शीटवर पहिली ओळ बरोबर, खाली जाता जाता नाव शेजारच्या लेबलवर सरकतं. ओळीगणिक चूक वाढत गेली तर दोष स्केलचा, म्हणजे पान किती टक्क्यांवर छापलं त्याचा. सगळ्या ओळी सारख्याच सरकल्या तर मार्जिनचा, तिथे स्केलला हात लावायचा नाही. आधी साध्या कागदावर छापून उजेडात शीटवर धरून बघते, लेबलं महाग पडतात.

सोसायटीचे हिशेब, शहादा
एक्सेलमध्ये ‘फिट शीट ऑन वन पेज’ केलं की सभासदांची यादी मुंगीएवढी होते. ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ घ्या, पान आडवं करा. लांबी पुढच्या पानांवर वाहू द्या.

फोटो छापणारा, नंदुरबार
भो, माले बी हाऊच तरास व्हता. ४×६ इंचाच्या कागदावर ३५×४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात, पण ‘बॉर्डरलेस’ चालू असलं की प्रिंटर चित्र थोडं ताणून कडेबाहेर नेतो. फोटो मोठे होतात, कडेचे कापले जातात. बॉर्डर ठेवा. प्रत्येक फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३×५३१ पिक्सेल करा.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ
माप तीन जागी बदलतं: फाइलच्या पेज सेटअपमध्ये, प्रिंटच्या खिडकीत आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये. प्रॉपर्टीजमध्ये एकदा ए-फोर करून ठेवा. विंडोजचा रीजन अमेरिका असेल तर नवा प्रिंटर जोडताना लेटर येऊ शकतो. वर्डच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ए-फोर आणि लेटरमध्ये मजकूर आपोआप लहान-मोठा करणारी एक टिकमार्क आहे, तीही बघा.

गृहिणी, पाचोरा
काका, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी खऱ्या मापात कसं छापायचं? फोटो मोबाइलमध्ये आहेत.

भुसावळ
ताई, कडा कापून दोन्ही फोटो वर्डमध्ये घ्या. प्रत्येकाची रुंदी ८.५६ सेंटीमीटर टाका, ‘लॉक ॲस्पेक्ट रेशो’ चालू ठेवा; उंची आपोआप ५.४च्या आसपास येईल. बरीच वेगळी आली तर फोटो तिरका काढलाय, परत काढा.