सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आजींचं अंग दुखतंच

फिजिओ_कर्वेनगर
घरी जाऊन व्यायाम देते त्यातल्या एक आजी, वय ७२. आठ महिने पाठ, खांदे, पिंडऱ्या दुखतात, जागा बदलत राहते. एमआरआयमध्ये वयाला साजेशी झीज, बाकी काही नाही. भूक कमी, पहाटे चारला जाग, सारसबागेतल्या मैत्रिणींकडे जाणं बंद. "उदास वाटतं का?" विचारलं तर म्हणतात, "मला काय धाड भरलीय, अंगच साथ देत नाही." घरचे म्हणतात, मनाचे खेळ. कुठून सुरुवात करावी?

ओपीडी_बाकडं
'मनाचे खेळ' हे आधी बंद करा. दुखणं खरंच असतं. डिप्रेशनमुळे ते वाढतं आणि दुखण्यामुळे डिप्रेशन, म्हणून दोन्हींवर एकदमच उपचार हवेत.

तपासण्या एकदाच, पण नीट: हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवतात), टीएसएच (थायरॉइड), व्हिटॅमिन बी-१२ आणि डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनी), सोडियम. सकाळी दोन्ही खांदे पाऊण तासाहून जास्त आखडतात आणि ईएसआर वाढलाय? मग पॉलिमायल्जिया (उतारवयात खांदे-कंबर आखडवणारा सुजेचा आजार) बघायला हवा. पाठदुखीसोबत हिमोग्लोबिन कमी असेल तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कॅन्सर नाही ना हे बघणारी रक्ततपासणी). स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवते). वजन घटणं, ताप, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यातलं काही असेल तर थांबू नका. नसेल तर दुसरा एमआरआय नको, त्यातून फक्त नवी भीती मिळते.

या पिढीला 'उदास' शब्द चालत नाही. जीडीएसचे (ज्येष्ठांमधलं डिप्रेशन ओळखायची प्रश्नावली) १५ हो-नाही प्रश्न मराठीत, एकांतात विचारा, सून शेजारी बसलेली नको. ५ किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञ. "जगून काय करायचं असं येतं का मनात?" हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

काउंटरमागून
औषधांचा डबा टेबलावर ओता. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी दोन वेगळ्या नावांनी दोनदा चालू असणं नेहमीचंच. त्यात किडनी आणि पोट दोन्ही जातं. झोपेसाठी अल्प्राझोलॅम असेल तर पडण्याचा धोका, पण एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. ॲमिट्रिप्टिलिनने (डिप्रेशन आणि दुखण्यावरचं जुनं औषध) या वयात लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, गोंधळायला होतं.

ड्युलॉक्सेटिन (डिप्रेशन आणि दुखणं दोन्हींवर चालणारं औषध) दिलं तर बहुतेक ३० मिग्रॅ.ने सुरू होतं, मग ६०. पहिल्या आठवड्यात मळमळते आणि तिथेच लोक सोडतात. जेवणानंतर घ्यायला सांगा, गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. बीपीच्या गोळीत थायझाइड (लघवी वाढवणारं औषध) असेल तर दोन्हींनी सोडियम उतरू शकतं, दोन आठवड्यांनी ते बघाच. ड्युलॉक्सेटिनसोबत ट्रॅमाडॉल (दुखण्याची जोरदार गोळी) नको.

पायरी_पायरीने
व्यायाम दिला की दोन दिवस बरं आणि मग चार दिवस अंथरुणात, असं होतंय का? मग मात्रा चुकतेय. तीन दिवस त्रास न वाढता किती मिनिटं चालतात ते मोजा. सरासरी १० आली तर ८ पासून सुरू, आठवड्याला एखादं मिनिट वाढ. घड्याळ बघून थांबायचं. बरं वाटतंय म्हणून जास्त नाही, दुखतंय म्हणून शून्य नाही.

फिजिओ_कर्वेनगर
अगदी तसंच होतंय. डब्यात व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पाकिटंही आहेत, रोज एक घेतात!

काउंटरमागून
आजपासून बंद. ती आठवड्याला एक असतात. उद्याच कॅल्शियम करून घ्या. डी जास्त झालं की कॅल्शियम वाढतं, आणि ते वाढलं तरी गळून जायला होतं, भूक मरते, बद्धकोष्ठ होतं. जीडीएस त्यानंतर.