मदत हवी आहे: संरक्षण मंत्रालय संसदीय समितीचं ऐकतं का, हे तपासायचं कसं?

शाईचा डाग:

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी संसद आणि संरक्षण खातं या विषयावर लेख कबूल करून बसलोय. संपादकांना मथळा हवाय 'संरक्षण खातं संसदेला जुमानत नाही'. मथळा खमंग आहे, पण तो खरा आहे का ते मला आधी बघायचंय. इथे सरकारी कागद वाचायची सवय असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

आत्तापर्यंत हाती लागलेलं सांगतो. खात्यांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. संरक्षणाची समिती त्यातलीच. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य, मुदत एक वर्ष, आणि मंत्री सदस्य होऊ शकत नाही. अर्थसंकल्पानंतर ही समिती खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमा, तपासते. याशिवाय विधेयकं, वार्षिक अहवाल आणि दीर्घ पल्ल्याची धोरणं. रोजच्या कारभारात मात्र तिने लक्ष घालायचं नाही, असं नियमातच आहे.

लेखाचा कणा म्हणून मी मार्च २०१८ चा अहवाल धरलाय. भूदलाच्या उपप्रमुखांनी तेव्हा समितीला सांगितलं होतं की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट गटात मोडते, २४ टक्के सध्याच्या पिढीची आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच करार होऊन बसलेल्या १२५ योजनांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे. म्हणजे नवीन काही घेणं दूरच, जुनी देणीही भागत नव्हती. गणवेशातला अधिकारी खासदारांसमोर इतकं उघड बोलतो, हे वाचून मी उडालोच.

अडलंय ते याच्या पुढे. समितीने ताशेरे मारले, वर्तमानपत्रांनी छापले. मग काय झालं? खात्याने उत्तर दिलं का, दिलं तर कुठे सापडतं, आणि ते उत्तर खरं की तोंडाला पानं पुसणारं हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं?

आगाऊ:

काय झालं म्हणजे? तो अहवाल १३ मार्चला मांडला गेला आणि १४ मार्चला लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या गिलोटिनखाली घालून चर्चेविना मंजूर केल्या. संरक्षणाच्याही. अहवाल वाचायला खासदारांना एक रात्र मिळाली. संपादकांचा मथळा ठेवा, फक्त त्यात खात्याचं नाव काढून संसदेचं घाला.

तळघर:

आगाऊंचा मुद्दा तिखट आहे पण अर्धा आहे. मागण्या मंजूर झाल्या म्हणजे अहवाल संपला असं होत नाही, खरी देवाणघेवाण त्यानंतर सुरू होते. शिफारशी आल्यापासून तीन महिन्यांत मंत्रालयाने प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यायचं असतं. ती उत्तरं तपासून समिती दुसरा अहवाल काढते, तो कार्यवाही अहवाल. वर्तमानपत्रं पहिला छापतात, हा दुसरा कोणी उघडतही नाही. तुमचा लेख त्यात आहे.

त्याची रचना ठरलेली असते. पहिल्या प्रकरणात समितीचं भाष्य. दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी. तिसऱ्यात उत्तर बघून समितीने सोडून दिलेले विषय. चौथ्यात समितीने नाकारलेली उत्तरं, म्हणजे शिफारस पुन्हा ठासून मांडलेली. पाचव्यात अंतिम उत्तर यायचं बाकी असलेले.

नवखा माणूस चौथं प्रकरण उघडतो, कारण भांडण तिथे दिसतं. मी म्हणेन दुसऱ्यापासून सुरुवात करा. 'समितीच्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे', 'प्रयत्न सुरू आहेत', 'संबंधितांना कळवण्यात आलं आहे' अशी उत्तरंही तिथे स्वीकृत म्हणून येऊन बसतात. कागदोपत्री शिफारस मान्य, प्रत्यक्षात तारीख नाही, रक्कम नाही, जबाबदार अधिकारी नाही. चौथ्या प्रकरणात खातं निदान 'नाही' म्हणतं आणि का नाही तेही सांगावं लागतं. माझ्या मते ते जास्त प्रामाणिक प्रकरण आहे.

तेव्हा टक्केवारी मोजू नका. 'इतक्या टक्के शिफारशी स्वीकारल्या' हा आकडा छान दिसतो आणि काहीच सांगत नाही. एक शिफारस निवडा आणि वर्षामागून वर्ष तिचा माग काढा.

शाईचा डाग:

तळघर, दंडवत. हेच हवं होतं. पण एक शंका. समितीची मुदत वर्षाची, सदस्य बदलतात, अध्यक्षही बदलतो. २०१८ मध्येच सप्टेंबरात भुवनचंद्र खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. खंडुरी स्वतः निवृत्त मेजर जनरल, त्यांना विषयाची नस माहीत. मग नवी समिती जुन्या समितीच्या शिफारशींचा पाठपुरावा करते का? की खात्याने फक्त वेळ काढायचा?

तळघर:

करते. लोकसभा विसर्जित झाली तरी पुढच्या लोकसभेची समिती आधीच्या अहवालांवरचे कार्यवाही अहवाल काढते. फक्त ज्या खासदाराने साक्षीत अधिकाऱ्याला घाम फोडला तो आता शेती किंवा रेल्वेच्या समितीत असतो. सचिवालयाकडे कागद राहतो, खुन्नस राहत नाही.

निवृत्त हिशेबनीस:

माग काढायला शिफारस हवी आहे ना, मी देतो. न संपणारा आधुनिकीकरण निधी.

आमच्या क्षेत्रात मार्च महिना म्हणजे काय ते सांगायला नको. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. कार्यालयात खुर्च्या घ्यायच्या असतील तर ठीक, घाईघाईने घेता येतात. पाणबुडी किंवा तोफ तशी घेता येत नाही. चाचण्या लांबतात, वाटाघाटी अडतात, करार एप्रिलमध्ये होतो आणि तोवर पैसा गेलेला असतो. म्हणून भांडवली खर्चाचा असा निधी हवा जो वर्षअखेरीस बुडणार नाही, ही स्थायी समितीची जुनी मागणी.

आता गंमत बघा. फेब्रुवारी २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जसवंत सिंग यांनी असा २५,००० कोटींचा निधी जाहीरच केला होता. सरकार बदललं, निधी उभा राहिला नाही. त्यानंतर वेगवेगळ्या लोकसभांच्या समित्या तीच शिफारस करत राहिल्या. संरक्षण मंत्रालय तत्त्वतः अनुकूल, अर्थ मंत्रालय नाखूश. मग १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेचा मिळून २,३८,३५४ कोटींचा न संपणारा निधी सुचवला. सरकारने तत्त्वतः मान्य केलं, तपशील नंतर ठरवू म्हणाले.

यातून तुमच्या मथळ्याचं काय होतं ते पाहा. इथे संरक्षण खातं समितीला जुमानत नाही असं म्हणता येत नाही, ते समितीच्याच बाजूला उभं आहे. किल्ली तिसऱ्याच घरात आहे आणि ते घर या समितीसमोर उत्तरदायी नाही. उत्तर संरक्षण मंत्रालयाच्या सहीने येतं, पण नकार बऱ्याचदा अर्थ मंत्रालयाचा असतो. अहवालात मध्येच अर्थ मंत्रालयाचा अभिप्राय उद्धृत केलेला असतो, तिथे थांबून वाचा.

पानगळ:

विषय थोडा बाजूला नेते, माफ करा. वडिलांच्या सैनिकी निवृत्तिवेतनातली तफावत अजून सुटलेली नाही, अर्ज फिरतोय. या समितीकडे लिहिता येईल का?

निवृत्त हिशेबनीस:

वैयक्तिक प्रकरणासाठी ही समिती नाही, वर रोजच्या कारभाराचा नियम आला आहेच. पण निवृत्तिवेतन ही तिच्यापुढे येणारी स्वतंत्र मागणी असते. २०२५-२६ च्या संरक्षण तरतुदीतल्या ६,८१,२१० कोटींपैकी १,६०,७९५ कोटी त्यावर होते, त्यामुळे एकूण व्यवस्थेबद्दलचे प्रश्न तिथे येतात. ताई, तुमच्या प्रकरणासाठी आधी खात्याची तक्रार निवारण यंत्रणा, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. तुमच्या खासदारांना पत्र द्यायला हरकत नाही, ते मंत्र्यांना लिहू शकतात. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

कडकलक्ष्मी:

लेख मराठी दिवाळी अंकात येणार आणि त्यात यशवंतराव नाहीत? समित्यांच्या आधी संसद काय करत होती तेही येऊ द्या की.

नोव्हेंबर १९६२. चीनशी युद्ध चालू असताना संसदेचं अधिवेशन भरलं. तरुण वाजपेयींनी ते लवकर बोलवायची मागणी केली होती आणि नेहरूंनी मान्य केली. लोकसभेत १६५ सदस्य बोलले, तेही उघड सभागृहात. त्याआधीच संरक्षण मंत्री कृष्ण मेनन यांना स्वपक्षीय खासदारांच्या रेट्याने जावं लागलं होतं, आणि मग मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षण मंत्री म्हणून दिल्लीला गेले. पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या सेनाधिकाऱ्यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत निवेदन केलं: प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्व, काय चुकलं त्याचा गोषवारा. मूळ अहवाल मात्र पटलावर ठेवला नाही. सरकारने तो अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही.

मला हे निवेदन दोन्ही अंगांनी महत्त्वाचं वाटतं. मंत्री स्वतः उभा राहून बोलला, हे मोठंच. पण संसदेला किती सांगायचं हे मंत्र्याने ठरवलं, आणि तो पायंडा पडला. आज समितीसमोर मंत्री साक्षीला येतच नाहीत, पद्धतच तशी आहे. येतात ते सचिव आणि सेनाधिकारी, आणि बैठक बंद दाराआड.

आगाऊ:

आणि गोपनीयतेची ढाल? ती लेखात येऊ द्या. देशाच्या सुरक्षेला बाधक म्हणून सरकार समितीला कागद नाकारू शकतं, असं लोकसभेच्या नियमावलीतच लिहिलंय. नियम २७०. मग कसली आलीय देखरेख?

तळघर:

नियम बरोबर आहे. पण ढाल आहे म्हणून आत काहीच जात नाही, असं नाही. ६८ टक्के जुनाट हा आकडा त्याच समितीसमोर आला आणि छापलाही गेला. कारण तो सेनेलाच बाहेर यायला हवा होता. जी माहिती बाहेर आल्याने पैसे मागणाऱ्याची बाजू मजबूत होते ती समितीपर्यंत सहज पोचते. जी माहिती खात्याच्या निर्णयावर बोट ठेवते ती पोचायला कष्ट पडतात. लेखात हा फरक करा असं सुचवेन.

दुसऱ्या प्रकारासाठी कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक, लागतं. दारूगोळ्याचं उदाहरण घ्या. कॅगने २०१५ च्या अहवालात तुटवडा दाखवला आणि २०१७ मध्ये पुन्हा जाऊन पाहिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. समिती अधिकाऱ्याला विचारते, कॅगचा माणूस कोठारातली नोंदवही उघडतो. ते अहवाल मग सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात, आणि तिचा अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षाचा असतो. संरक्षणाच्या स्थायी समितीला तसा संकेत नाही.

ढाल तिथेही आहेच. राफेल विमानांच्या खरेदीवरचा कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला तो किमती झाकूनच. आणि मधल्या काही वर्षांत संरक्षणाचे काही अहवाल संसदेत मांडले गेले तरी कॅगच्या संकेतस्थळावर चढवलेच नाहीत. ऑनलाइन सापडलं नाही म्हणून अहवालच नाही असं लिहू नका.

शाईचा डाग:

सगळ्यांचे आभार. यशवंतरावांचं निवेदन आजच शोधायला घेतो. लेखाचा साचा आता असा बसतोय: न संपणाऱ्या निधीची शिफारस हाच कणा, २००४ पासून २०२१ पर्यंत. २०१८ चा अहवाल त्यातला एक मुक्काम. दारूगोळा वेगळी चौकट. संपादकांना मथळा बदलायला सांगितलंय, ते नाराज आहेत.

शेवटचं विचारतो. कार्यवाही अहवालानंतर सभागृहात काही घडतं का, की कागदाला कागद जोडून विषय संपतो?

तळघर:

घडायला हवं. २००४ मध्ये लोकसभा अध्यक्षांनी निर्देश ७३-क काढला. त्यानुसार मंत्र्याने दर सहा महिन्यांनी आपल्या खात्यावरच्या शिफारशींची स्थिती सभागृहात निवेदन करून सांगायची. प्रत्यक्षात निवेदन बहुधा पटलावर ठेवलं जातं आणि कामकाज पुढे सरकतं. पण त्याला जोडपत्र असतं, त्यात शिफारसवार स्थिती. तुमच्या निधीसाठी ती जोडपत्रं एकाखाली एक लावून वाचा, शब्द किती बदलले ते दिसेल.

आणखी एक. प्रश्नोत्तरात मंत्री 'माहिती गोळा केली जात आहे' म्हणाले की ते आश्वासन धरलं जातं, आणि तीन महिन्यांत पुरं झालं नाही तर आश्वासन समिती मागे लागते. त्या समितीचे अहवाल खात्यानुसार निघतात आणि प्रलंबित आश्वासनाला कारण द्यावं लागतं. संरक्षण मंत्रालयावरचे चाळा.

लोकसभेचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर समितीच्या पानावर लोकसभेच्या क्रमांकानुसार लावलेले आहेत. २०१८ चा सोळाव्यात मिळेल, त्यानंतरचे सतराव्यात आणि अठराव्यात. शोधखिडकीवर विसंबू नका, यादी उघडून वरून खाली बघा.

कडकलक्ष्मी:

वाचनखूण साठवली. अंक आला की इथे कळवा.