मदत हवी आहे : गुणी पोराला नव्याने सुरुवात कुठे करता येईल?

मंडळी, कोल्हापुरात माझ्याकडे फुटबॉलच्या सरावाला एक पोरगा येतो. वय १९, डाव्या पायाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा. चेंडू पायाला चिकटल्यासारखा नेतो, पण सलग दोन हंगाम बाकावरच गेले आणि यंदा संघाने सोडलं. परवा शाहू स्टेडियमच्या गॅलरीखाली बसून बुटाची नाडी किती तरी वेळ नुसती बोटाला गुंडाळत होता. "सर, पेठेत तोंड दाखवायला नको वाटतंय," एवढंच बोलला.

खोट खेळात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एक पास चुकला, गॅलरीतून ओरडा झाला, की तो चेंडू मागायचंच सोडतो. मला सारखा इंग्लंडचा फुटबॉलपटू जेसी लिंगार्ड आठवतो. मँचेस्टर युनायटेडमध्ये संधी मिळेना, जानेवारी २०२१ मध्ये वेस्ट हॅम क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता खेळायला, गेला आणि लीगच्या १६ सामन्यांत ९ गोल केले!

पुण्या-मुंबईत चाचणी घेणारा, राहायची सोय असलेला क्लब कुणाला माहीत आहे का? वडील हमाली करतात, फी झेपणार नाही. आणि असा खेळाडू ज्यांनी सावरलाय त्यांनी सांगा, त्याला विंगवरच ठेवू की स्ट्रायकरच्या मागे खेळवू? आत्ताच घरापासून लांब पाठवणं घाईचं तर होणार नाही ना?