डीडीआर म्युझियम म्हणजे "भंगाराचं दुकान"? (काढलाच शेवटी वेगळा धागा)

रेवा_लायप्झिग

डीडीआर म्हणजे पूर्वीची पूर्व जर्मनी. तिच्या बर्लिनमधल्या म्युझियमबद्दल परवाच्या बर्लिनवर्णनात ओसाडगावकर लिहितात, "डीडीआर म्युझियम म्हणजे बुडालेल्या देशाच्या भंगाराचं दुकान. तिकडच्या ट्राबी गाडीत बसून फोटो काढला, पाऊण तासात हसत बाहेर." तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण ते वाढत गेलं.

अहो, हसा की. कॅथेड्रलसमोर स्प्रे नदीच्या काठाला उतरून आत गेलं की खण उघडा, कपाटं उघडा, हात लावा, असंच सगळं आहे. मीही हसले. पण माझ्याबरोबर आमच्या घरमालकीणबाई होत्या, वय ७८. पॅनेलच्या इमारतीतला एक फ्लॅट जसाच्या तसा मांडलाय ना, तिथल्या स्वयंपाकघरात त्या कपाटं उघडत सुटल्या आणि पुटपुटत राहिल्या, "हे आहे माझ्याकडे. हेही आहे." खरंच आहे. त्यांचा आरजी २८ हँडमिक्सर अजून चालतो. आणि तो फुलाफुलांचा, बिनबाह्यांचा डेडेरॉनचा झगा अंगात घातल्याशिवाय त्या भांड्यांना हात लावत नाहीत. (डेडेरॉन म्हणजे तिकडचं नायलॉन. नावसुद्धा देशाच्या आद्याक्षरांवरून पाडलेलं, डीडीआर म्हणजे जर्मनमध्ये डे-डे-एर!)

चौकशीच्या खोलीत मात्र आल्या नाहीत, बाहेरच थांबल्या. १९९२ पासून ज्याला त्याला आपली श्टासीची (तिकडच्या गुप्त पोलिसांची) फाईल वाचता येते, ती त्यांनी वाचलीय. पश्चिम जर्मनीतल्या बहिणीचं पार्सल कधी आलं, त्यात कॉफीचे किती पुडे होते, सगळं शेजारणीने कळवलेलं. कॉफीचे पुडे! मिक्सर आणि फाईल, दोन्ही एकाच बाईच्या घरातलं. ते पाऊण तासात कसं दिसावं?

ओसाडगावकर

रेवाताई, सोयीचं तेवढं उचललंत. त्याच परिच्छेदात पुढे लिहिलं होतं की श्टासीचे पगारी नोकर ९१ हजार, वर पावणेदोन लाखांहून जास्त खबरे, आणि लोकसंख्या फक्त १.६ कोटी. असल्या राजवटीची आठवण स्टिअरिंग फिरवून काढायची? होहेनशोनहाउसेनच्या, श्टासीच्या जुन्या तुरुंगात जा. तिथे जुने कैदीही फिरवून दाखवतात. तिथून हसत बाहेर या, मग बोलू. हे म्युझियम खाजगी आहे, तिकिटं खपवायचीत त्यांना. आणि "मिक्सर अजून चालतो" हा काय युक्तिवाद झाला? आमच्या आजीचा पाटावरवंटाही चालतो.

सातारी_फोटोवाला

वडिलांचा स्टुडिओ होता. ब्लॅक अँड व्हाइटला ओर्वोचे रोल, ते पूर्व जर्मनीचेच. आमच्या अख्ख्या पेठेची लग्नं त्या "भंगारा"वर उतरलीत साहेब, निगेटिव्ह अजून लख्ख आहेत. आणि ट्राबीसाठी दहा-बारा वर्षं थांबावं लागायचं म्हणून हसताय, आपल्याकडचं स्कूटरचं विसरलात? वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी बालवाडीत, स्कूटर दारात आली तेव्हा सहावीत. ज्याला धीर नाही त्याने "ऑन", म्हणजे किमतीवर वरचे पैसे, मोजायचा. आपल्याकडे कुठला कम्युनिझम होता?

रेवा_लायप्झिग

ऑन तिथेही होता! जुनी ट्राबी नव्या गाडीहून महाग, कारण ती आज मिळायची.

ओसाडगावकर

फोटोवाले, ते रोल जिथे बनायचे त्या वोल्फेनला कारखान्याचं सांडपाणी खाणीच्या जुन्या खड्ड्यात सोडायचे. लोक त्याला "चांदीचं तळं" म्हणायचे. निगेटिव्ह लख्ख असणारच. आणि स्कूटरसाठी ताटकळलेला तुमचा बाप वैतागून सीमेकडे निघाला असता तर त्याला कुणी गोळी घातली नसती. एवढा एक फरक.

ठाण्याची_आई

मी तिथे एकाच गोष्टीपाशी अडकले. पाळणाघरातलं शी-शूचं बाकडं. लांब फळी, ओळीने भांडी, सगळी पोरं एकदम बसणार आणि शेवटच्याचं उरकेपर्यंत कुणी उठायचं नाही. लोक खिदळत फोटो काढत होते. मला रडू आलं, पण पोरांच्या कणवेने नव्हे. तीन वर्षांखालची दहातली आठ मुलं पाळणाघरात, आणि पैसे फक्त जेवणाचे! मी इथे पगाराचा तिसरा हिस्सा मोजते, वर सहाच्या पुढे पाच मिनिटं झाली की ताईंचं तोंड वाकडं. लोकल काय माझ्या बापाची आहे?

ओसाडगावकर

म्हणजे पाळणाघर स्वस्त असेल तर भिंत चालेल?

ठाण्याची_आई

असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. आणि तुमची मुलं कुणी सांभाळली, तेही लिहा.

ओसाडगावकर

माझ्या आईने. आनंदाने.

ठाण्याची_आई

आईला विचारलंत?

सातारी_फोटोवाला

😂😂 धागा गेला पाळणाघरात.

ओसाडगावकर

वैयक्तिक होऊ नका. माझी आई या धाग्याचा विषय नाही.

ठाण्याची_आई

तेच तर. ती कधीच विषय नसते.

मिठाचा_खडा

पाळणाघरावर आलाच आहात तर हेही ऐका. तिकडे "वोखेनक्रिपे" असायची. सोमवारी सकाळी मूल सोडायचं, शुक्रवारी संध्याकाळी घरी आणायचं. रात्री तिथेच. माझा ड्रेस्डेनचा सहकारी त्यातला. पन्नाशी उलटली तरी रविवारी दिवेलागणीला त्याच्या पोटात गोळा येतो. आई कारखान्यात शिफ्टला, बाप सोडून गेलेला. आईवर राग नाही म्हणतो. दर महिन्याला तिला भेटायला जातो, जेवतो, भांडी घासतो, पण मुक्काम करत नाही. शेवटच्या गाडीने परत.

ठाण्याची_आई

हे मला माहीत नव्हतं. चार रात्री... नाही, माझ्याच्याने नाही होणार.

तरी साडेसातपर्यंत उघडं पाळणाघर मागणं म्हणजे मूल टाकून देणं नव्हे, एवढं कुणीतरी कबूल करा.

ओसाडगावकर

केलं. मिठाचा खडा, आभार. एक तरी माणूस माझ्या बाजूने बोलला.

मिठाचा_खडा

तुमच्या बाजूने नाही लिहिलेलं हो. सहकाऱ्याची आई कुठल्या तुरुंगात नव्हती, तिची फाईलही नव्हती. होहेनशोनहाउसेनला दहा वेळा गेलात तरी ती तुम्हाला भेटणार नाही. त्या बाकड्यापाशीच भेटेल, फोटो काढायची घाई नसेल तर.

ओसाडगावकर

बरं बाबा. "भंगार" मागे घेतो, "दुकान" ठेवतो. बाहेर पडताना ट्राबीची चुंबकं कशी मांडून ठेवलीत ते पाहिलंत का?

रेवा_लायप्झिग

पाहिलंत म्हणजे? घरमालकीणबाईंनी दोन घेतली. एक शेजारणीला. तीच ती कॉफीचे पुडे मोजणारी, अजून समोरच राहते.

आणि ओसाडगावकर, बाई विचारतायत, पाटावरवंटा म्हणजे काय? फोटो टाका.