मदत हवी आहे: खांडेकरांच्या पटकथा कुठे वाचायला मिळतील?

वि. स. खांडेकरांच्या सिनेमालेखनावर एक लेख लिहितेय. उल्का, दोन ध्रुव लिहिणारा शिरोड्याचा शिक्षक १९३६ मध्ये दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या 'छाया' सिनेमासाठी लिहितो आणि मग ज्वाला, देवता, अमृत असं लिहीतच जातो, मला हा प्रवास फार महत्त्वाचा वाटतो पण सगळीकडे बोलणं 'ययाति'वरच थांबतं. 'एका पानाची कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र वाचून झालंय, युट्यूबवर आणि इथल्या दोन लायब्रऱ्यांत शोधून झालं. सिनेमाची गोष्ट किंवा गाणी नकोत, मूळ संवादांसह पटकथा हवी, स्कॅन किंवा झेरॉक्स चालेल. मी नागपूरला असते, कोल्हापूरला एकदाच दोन दिवस जाता येईल. शिवाजी विद्यापीठातल्या खांडेकर संग्रहालयात पटकथांची हस्तलिखितं आहेत का, आणि बघायला आधी परवानगी लागते का?