मदत हवी आहे : ब्राउझरपुरते चालणारे ॲप सर्व्हरवर नेताना सुरक्षितता कशी शिकावी?

नमस्कार. मी सोळा वर्षांची असून वेब प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकते आहे. सुरुवातीला व्हिडिओंवर भर होता, परंतु पाहताना सगळे समजते आणि स्वतः लिहायला बसले की हात चालत नाही, असा अनुभव आल्याने मला स्वतःलाच लागणारे एक ॲप करायला घेतले. परकीय भाषेतील शब्द पाठ करण्यासाठी फ्लॅशकार्ड दाखवणारे हे ॲप लाइटनर पद्धतीवर चालते : उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परत.

एवढ्याशा ॲपने मला जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी शिकवली. पुढच्या उजळणीची तारीख महिनाभर पुढे सरकलेली दिसली, तेव्हा कळले की डेट ऑब्जेक्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात आणि ही खोड १९९५ साली भाषा घडली तेव्हा जावा या दुसऱ्या भाषेतून जशीच्या तशी आलेली आहे. कोनी कंसात लिहिलेला इंग्रजी शब्द कार्डावर उमटेचना, कारण मजकूर पानावर टाकण्यासाठी वापरलेले इनरएचटीएमएल त्याला एचटीएमएलचा टॅग समजत होते. मजकूर जसाच्या तसा दाखवणारे टेक्स्टकंटेंट वापरताच तो दिसू लागला. प्रत्येक वेळी बिघाड डोळ्यांसमोर होता, त्यामुळे काय शोधायचे हे आपोआप ठरत गेले.

आता काही मैत्रिणींनाही हे ॲप हवे आहे. लोकलस्टोरेजमधील (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यातील) माहिती त्या त्या ब्राउझरपुरतीच राहते, म्हणजे फोनवर केलेली उजळणी लॅपटॉपवर दिसत नाही. म्हणून फ्लास्क (पायथनमध्ये सर्व्हर लिहिण्याची चौकट) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून नोंदणी, लॉगिन आणि प्रत्येकीचे कार्डसंच अशी रचना केली. सध्या ती फक्त माझ्या संगणकावर चालते आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

चाचणीसाठी दोन खाती उघडली. एका खात्यातून लॉगिन करून, ॲड्रेस बारमधील पत्त्याच्या शेवटी असलेल्या संच-क्रमांकात ७ च्या जागी ८ टाकून पाहिले, तर दुसऱ्या खात्याचा संच बिनतक्रार उघडला. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत) एकही लाल ओळ नव्हती. वापरकर्ता लॉगिन झालेला आहे का, एवढेच सर्व्हर तपासत होता. हा संच त्याचाच आहे का, हे विचारतच नव्हता. नंतर वाचनात आले की ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या जोखमींच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील त्रुटींना पहिले स्थान आहे, म्हणजे हा प्रकार नवशिक्यांपुरता मर्यादित नसावा. ती तपासणी आता जोडली आहे. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश करून, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या रूपात बदलून ठेवते आणि एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेत) वापरकर्त्याने दिलेला मजकूर थेट न जोडता पॅरामीटर म्हणून, म्हणजे आज्ञेपासून वेगळा, पाठवते. परंतु हे सारे योगायोगाने वाचनात आले म्हणून झाले. जे वाचनातच आले नाही आणि ज्याची एररही येत नाही, ते एकटीने शिकणाऱ्याने कसे हुडकावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडूनच दुसरा. लॉगिन स्वतः लिहिण्यात शिकायला पुष्कळ मिळते हे खरे, पण अनेक जण सगळीकडे एकच पासवर्ड वापरतात, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी माझ्या सरावाच्या कोडवर असावी, हे मला पटत नाही. सराव म्हणून स्वतःचे लॉगिन लिहावे आणि इतरांना ॲप देताना मात्र ओऑथद्वारे (पासवर्ड माझ्याकडे न येता दुसऱ्या सेवेकडून ओळख पटवण्याच्या पद्धतीने) एखाद्या मोठ्या सेवेचे लॉगिन वापरावे, असा माझा कल आहे. यात काही तोटा आहे का? तसेच ‘एका खात्याला दुसऱ्याचे काहीही दिसू नये’ याची स्वयंचलित चाचणी पायटेस्ट या पायथनच्या चाचणी-साधनात कशी मांडतात, याचे छोटे उदाहरण कोणी दिल्यास फार उपयोग होईल.

आधी रिॲक्ट (पडदे बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिक, असाही सल्ला मिळाला आहे. माझ्या ॲपमध्ये मोजून तीन पडदे आहेत, त्यामुळे त्याची गरज मला तूर्त दिसत नाही.

सर्व्हर सुरू होईपर्यंत कार्डांची जेसन फाइल (माहितीची मजकूर-फाइल) एका उपकरणावरून उतरवून दुसऱ्यावर चढवण्याची सोय केली आहे. दोन्हीकडे उजळणी झाली असेल तर कोणती नोंद खरी मानावी, हा पेच त्यात उरतोच. सध्या प्रत्येक कार्डाची शेवटच्या बदलाची वेळ पाहून नवी नोंद ठेवते. लॉगिन आणि संच उघडण्याचे कोड मिळून शंभर ओळींच्या आतच आहे. कोणी तपासून देण्याची तयारी दाखवली, तर ते इथेच प्रतिसादात देईन.