रोमँटिक कॉमेडीत गंभीर आजार : कुठे भट्टी जमते, कुठे फसते आणि का?

शनिवार_मॅटिनी

रोमँटिक कॉमेडी आवडीने बघणाऱ्यांसाठी प्रश्न. या प्रकारात आजारपण आलं की बहुतेक वेळा एकच साचा दिसतो. इंटरव्हलपर्यंत धमाल, मग रिपोर्ट हातात पडतो, व्हायोलिन सुरू होतं आणि विनोद जो गायब होतो तो शेवटच्या नामावलीपर्यंत परत येत नाही. उलट 'द बिग सिक'मध्ये (२०१७) नायिका कोमात असताना हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटत नाही. पटकथेत नेमकं काय केल्यामुळे हे जमतं? आणि यातली वैद्यकीय बाजू कितपत खरी असते? नुसतं 'मस्त आहे, बघाच' नको. रसभंग चालेल.

पटकथेचा_किडा

रसभंग चालणार असेल तर सविस्तर लिहितो.

'द बिग सिक'ची खरी चलाखी ही, की जोडप्याचं भांडण आजाराच्या आधीच झालेलं असतं आणि त्या भांडणाचा आजाराशी काडीचाही संबंध नसतो. नायक कुमेलची आई दर जेवणाला एखादी पाकिस्तानी मुलगी 'सहज इकडून चालली होती' म्हणून घरी बोलावते. प्रत्येकीचा फोटो कुमेल सिगारच्या डब्यात टाकत जातो. डबा नायिका एमिलीच्या हाती लागतो, आपल्याबद्दल घरी अवाक्षरही काढलेलं नाही हे तिला कळतं आणि प्रकरण संपतं. (कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांतून गेलेल्या आपल्या लोकांना हा डबा समजावून सांगावा लागत नाही.) ती दवाखान्यात पोचते ती यानंतर.

म्हणजे कोमात गेलेली मुलगी कायद्याने, नात्याने त्याची कुणीच नाही. तरी तिला कोमात ठेवण्याच्या परवानगीचा कागद त्याच्यापुढे येतो आणि तो सही ठोकतो. मग तिचे आईवडील येतात. त्याने काय केलंय ते त्यांना लेकीकडून आधीच कळलेलं असतं. इथून पुढचा जवळपास सगळा विनोद या तिघांच्या अवघडलेपणातून निघतो. तिच्या तापावर, नळ्यांवर किंवा शुद्धीत नसण्यावर एकही विनोद नाही. कँटीनमध्ये तिचे वडील संभाषण सुरू करायचं म्हणून ९/११बद्दल त्याचं मत विचारतात, तो प्रसंग बघा. दोघांनाही आयसीयूबद्दल बोलायचं नसतं, म्हणून भलत्याच विषयाला हात घातला जातो. हसू येतं ते त्या धांदलीचं.

शेवटही बघण्यासारखा. ती शुद्धीवर येते तेव्हा तो पार बदललेला असतो, पण तिच्या लेखी भांडण कालचंच असतं. ती सरळ त्याला जा म्हणते. आजाराने भांडण मिटवलं नाही. कच्च्या पटकथा इथेच घसरतात: डोळे उघडले, हात हातात, सगळं माफ.

वॉर्ड_नंबर_सात

वैद्यकीय बाजूबद्दल. 'द बिग सिक'मधला आजार म्हणजे प्रौढांमध्ये होणारा स्टिल्स डिसीज. शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण भडकते. रोज ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, जोराचा ताप चढतो आणि उतरतो. सांधे धरतात, घसा दुखतो, तापाबरोबर फिकट गुलाबी पुरळ येतं आणि जातं. रक्तात फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) खूप वाढलेलं सापडतं, पण या एका तपासणीवर निदान होत नाही. जंतुसंसर्ग, कर्करोग, इतर संधिवात एकेक करून वगळत जावं लागतं. त्यामुळे डॉक्टर दिवसचे दिवस 'अजून कळलेलं नाही' म्हणतात ते चित्रपटासाठी ताणलेलं नाही. कथेलाही ते सोयीचं पडतं, कारण बाहेर बसलेल्यांना एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पटकथा लिहिणारे एमिली गॉर्डन आणि कुमेल नानजियानी हे त्या प्रसंगातून प्रत्यक्ष गेलेलं जोडपं. प्रतीक्षाकक्षातला कंटाळा इतका अस्सल उतरलाय त्याचं मूळ तिथे असावं.

बाकी चित्रपटांत हमखास दिसणाऱ्या तीन चुका. तोंडातून श्वासनलिकेत नळी घातलेला रुग्ण बोलू शकत नाही, कारण नळी स्वरतंतूंमधून जाते. नळी काढल्यावरही आवाज बसलेला असतो, त्यामुळे डोळे उघडताच खणखणीत प्रेमसंवाद म्हणणारी नायिका खोटी वाटते. दुसरी चूक केसांची. केमोथेरपीत केस गळतात ते पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी, आणि तेही सगळ्याच औषधांनी नाही. सलाईन लावल्याच्या दुसऱ्या दिवशी टक्कल नको. तिसरी म्हणजे बिनलक्षणांचा आजार: नायक नाचतो, पळतो, अधूनमधून छातीला हात लावतो, मग एकदम शेवटच्या खाटेवर.

पारिजातक७४

तिसरी चूक वाचून 'कल हो ना हो' (२००३) आठवला. :) त्यातली कोऱ्या डायरीतून वाचण्याची जागा आजही लागते, हे कबूल. पण तिथे आजार हा प्रेमाच्या त्रिकोणातून वाट काढायला घातलेला आहे. एक जण जाणार, मग नायिकेने निवड करायचा प्रश्नच उरत नाही. सुंठेवाचून खोकला गेला! शिवाय हिंदीत 'आनंद'पासून (१९७१) मरणारा माणूस म्हणजे सगळ्यांना हसवणारा, कुणावर न चिडणारा संत. 'आनंद'ला ते शोभलं, कारण तो प्रेमकथा म्हणून उभाच नाही. रोमँटिक कॉमेडीत संताशी भांडता येत नाही, आणि भांडण नसेल तर कॉमेडी कसली?

शनिवार_मॅटिनी

छान माहिती. पण कोमातली नायिका एका अर्थी सोयीचीच, नाही का? तिला काही बोलावंच लागत नाही. आजारी माणूस शुद्धीत असेल, स्वतः विनोद करत असेल, तर?

पटकथेचा_किडा

मुद्दा बरोबर, मधला बराच वेळ ती पडद्यावर नुसती निजलेली असते. ती उणीव आहेच.

शुद्धीतल्या नायिकेसाठी 'लव्ह अँड अदर ड्रग्ज' (२०१०) घ्या. तिला ऐन तारुण्यात पार्किन्सन्स (कंपवात), तो औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, काळ व्हायग्रा बाजारात आली तेव्हाचा, म्हणजे १९९८च्या आसपासचा. ती फटकळ आहे, सहानुभूती दाखवणाऱ्याला उभं करत नाही. वादाचं कारणही नेमकं निवडलंय: तो तिला या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे फिरवत राहतो आणि याला मी बरी झालेलीच हवी आहे, असं तिला वाटू लागतं.

त्यात शिकागोतल्या मेळाव्याचा प्रसंग आहे. रुग्ण मंचावर येऊन स्वतःच्या थरथरण्यावर विनोद करतात, सभागृह खो खो हसतं, पहिल्यांदाच आपल्यासारखी माणसं बघून ती खुलते. त्याच वेळी एका रुग्णाचा नवरा नायकाला बजावतो की सामान बांध आणि निघ. एकाच इमारतीत ती मोकळी होते आणि तो घाबरतो. दोन्ही प्रसंग वेगळ्या दिवशी ठेवले असते तर ही गंमत राहिली नसती. एरवी चित्रपट विस्कळीत आहे. नायकाच्या भावाचे पांचट विनोद ओलांडून जावं लागतं.

वॉर्ड_नंबर_सात

त्या चित्रपटात लक्षणं कमीजास्त होताना दिसतात, ती चूक समजू नका. लेवोडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाचा असर ओसरला की कंप आणि ताठरपणा परत येतो, पुढची गोळी लागू पडली की माणूस पुन्हा बराचसा सुरळीत. सुरुवातीला कंप बहुधा एकाच बाजूच्या हाताला आणि हात स्वस्थ असताना जास्त. एखाद्या नटाचे दोन्ही हात कप उचलतानाच सारखे थरथरत असतील तर ते पार्किन्सन्सपेक्षा वेगळ्याच कंपाचं लक्षण वाटतं.

पारिजातक७४

प्रेमकथा नाही, पण दवाखान्याबाहेरच्या विनोदासाठी मराठीतला 'व्हेंटिलेटर' (२०१६) याच धाग्यात बसतो. गणपती तोंडावर आणि काका व्हेंटिलेटरवर. जमलेल्या नातेवाइकांचे हिशेब, मानपान, चहा कुणी आणायचा यातून हसू येतं, काकांना कुणी हसत नाही. 'द बिग सिक'नंतर लगेच बघू नका मात्र, दोन्हीकडे दवाखान्याच्या बाकावरच बसायचं आहे. मध्ये एखादा निव्वळ वेडगळ सिनेमा घाला.